योगायोगाची मोजदाद

नागपूरजवळच्या जामठा येथील मैदानावर ६ फेब्रुवारी २०२५ रोजी भारत व इंग्लंड यांच्यात एकदिवसीय सामना झाला. नाणेफेक इंग्लंडने जिंकली, सामना भारताने जिंकला आणि प्रेक्षक समाधानाने घरी परतले. नाणेफेकीची आठवण ठेवण्याचे त्या दिवशी कोणाला फारसे कारण नव्हते. परंतु ती एका विलक्षण साखळीतील आठवी कडी होती. १९ नोव्हेंबर २०२३ रोजी अहमदाबादेत विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात भारताने नाणेफेक गमावली आणि त्यानंतर ३ डिसेंबर २०२५ च्या रायपूरच्या सामन्यापर्यंत एकदिवसीय सामन्यांतील एकही नाणेफेक भारताच्या वाट्याला आली नाही. एकामागून एक अशा वीस नाणेफेकी गेल्या. तीन कर्णधार झाले, पाच देशांतील मैदाने झाली, पण कौल बदलला नाही. अखेर ६ डिसेंबर रोजी विशाखापट्टणम येथे ही साखळी तुटली.

नाणे सरळ असेल तर वीस वेळा ओळीने हरण्याची शक्यता १०,४८,५७६ मध्ये एक एवढी आहे. ‘दहा लाखांत एक’ हा आकडा ऐकला की माणसाचे मन दोनपैकी एका वाटेने धावते. एक वाट दैवाची: ग्रह फिरले, साडेसाती लागली. दुसरी वाट संशयाची: नाण्यात, नाणे उडविणाऱ्यात किंवा आणखी कशात तरी काळेबेरे असलेच पाहिजे. या दोन्ही वाटा सोडून तिसऱ्या वाटेने जाणारे थोडे. ही तिसरी वाट मोजदादीची आहे. निव्वळ योगायोगाचे राज्य असते, तर असा प्रकार किती वेळा घडला असता, एवढाच साधा प्रश्न विचारून त्याचे उत्तर खरोखर मोजून काढणे, ही ती वाट होय. खेळाच्या मैदानावर ती चुकली तर फारसे बिघडत नाही. परंतु परीक्षेचा निकाल, न्यायालयाचा निवाडा आणि शेतकऱ्याच्या विम्याची रक्कम यांचा निर्णय जेथे होतो, तेथे ती चुकली तर माणसे भरडली जातात.

आपल्या परंपरेला योगायोगाची जाण नव्हती असे नव्हे. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, असे आपण आजही म्हणतो. जुन्या शास्त्रकारांनी या काकतालीय न्यायाच्या जोडीला घुणाक्षर न्यायही सांगितला. लाकूड पोखरणाऱ्या किड्याच्या वाटेतून एखादे अक्षर उमटले, म्हणून किडा साक्षर ठरत नाही, हा त्याचा अर्थ. उणीव राहिली ती मोजमापाची. किती लाकडे पोखरली गेली म्हणजे त्यांत एखादे अक्षर उमटणे स्वाभाविक समजावे, हा प्रश्न न्यायाच्या दृष्टांतात बसत नाही. त्याला गणित लागते. आणि ज्यांना गणिताची धास्ती वाटते, त्यांच्यासाठी गणिताहून सोपे असे एक साधन गेल्या शतकाने सिद्ध केले आहे. ते साधन म्हणजे यादृच्छिक आकड्यांचा तक्ता.

यादृच्छिक आकडे म्हणजे शून्य ते नऊ या अंकांची अशी रांग, की जीत प्रत्येक अंकाला प्रत्येक जागी सारखीच संधी आहे आणि मागचे अंक पाहून पुढचा अंक ओळखता येत नाही. ही कल्पना दिसते तितकी सोपी नाही, कारण माणसाने मनाने लिहिलेले आकडे कधीच असे नसतात. इंग्रज संख्याशास्त्रज्ञ टिपेट यांनी १९२७ साली जनगणनेच्या अहवालांतून उचललेल्या ४१,६०० अंकांचा तक्ता प्रसिद्ध केला. १९५५ साली अमेरिकेतील रँड या संस्थेने दहा लाख अंकांचे जाडजूड पुस्तकच काढले. तक्ते निघण्यापूर्वी हेच काम फार कष्टाने करावे लागे. ‘स्टुडंट’ या टोपणनावाने लिहिणारे विल्यम गॉसेट यांनी आपले १९०८ सालचे प्रसिद्ध सूत्र पडताळून पाहण्यासाठी ३,००० कैद्यांची उंची व डाव्या मधल्या बोटाची लांबी पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर लिहिली आणि ते तुकडे पत्त्यांसारखे पिसून चार-चारांचे ७५० गट पाडले. लुटुपुटूचा प्रयोग पुनःपुन्हा करून खऱ्या जगाबद्दल निष्कर्ष काढावयाचा, ही या पद्धतीची गुरुकिल्ली. जे पिसणे गॉसेट यांना हातांनी करावे लागले, ते तक्ता हाती असलेल्या विद्यार्थ्याला बोट फिरवून करता येते, आणि आजचे संगणक तर निमिषार्धात करतात.

हाताशी तक्ता नसला तरी अडत नाही. वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर, म्हणजे शाळेतील ‘पाय’, याच्या दशांश स्थळांचे अंक कोणत्याही कसोटीवर यादृच्छिक अंकांसारखेच वागतात, आणि ते कोठेही छापलेले मिळतात. त्यांतील सम अंक म्हणजे नाणेफेक जिंकली आणि विषम अंक म्हणजे हरली, असे मानावे व पहिले शंभर अंक ओळीने वाचावेत. बेचाळिसाव्या स्थळापासून ९, ३, ९, ९, ३, ७, ५, १ असे आठ विषम अंक सलग येतात, म्हणजे आठ नाणेफेकी ओळीने गेल्या. थोडे पुढे, एकोणसत्तराव्या स्थळापासून, ६, ४, ०, ६, २, ८, ६, २, ०, ८ असे दहा सम अंक लागोपाठ येतात. येथे दहा नाणेफेकी ओळीने जिंकल्या. या अंकांत कोणी लबाडी केलेली नाही, कोणाची साडेसाती त्यांना लागलेली नाही. एका ठरावीक जागेपासून दहा सम अंक ओळीने येण्याची शक्यता १,०२४ मध्ये एक, तरीही पहिल्या शंभरातच ते आले.

यात चमत्कार आहे काय? उत्तर प्रश्नाच्या घडणीवर अवलंबून आहे. एकोणसत्तराव्या स्थळापासून दहा सम अंक येतील, असे कोणी आधी लिहून ठेवले असते, तर तो खरोखरच नवल वाटावे असा प्रकार झाला असता. परंतु तसे कोणी लिहून ठेवले नव्हते. अंक आधी पाहिले आणि नवलाची जागा मागाहून सापडली. शंभर अंकांत कोठेही, सम असोत वा विषम, दहाची सलग रांग सापडेल काय, असा मोकळा प्रश्न केला, तर शक्यता हजारात एक राहत नाही. शंभर-शंभर अंकांचे गट घेऊन पाहिले, तर साधारणतः अकरा-बारा गटांत एकदा अशी रांग आढळते. एकाच घटनेच्या या दोन शक्यतांत नव्वदपटीच्या घरातील अंतर पडले, ते केवळ प्रश्न आधी विचारला की नंतर, एवढ्या एका भेदाने.

हाच हिशेब त्या वीस नाणेफेकींना लावून पाहावा. भारतानेच, त्याच काळात, त्याच अंतिम सामन्यापासून हरावे असे आधी कोणी सांगितले नव्हते. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय सामने १९७१ साली सुरू झाले आणि पुरुषांचे असे सामने आता पाच हजारांच्या घरात गेले आहेत. प्रत्येक नाणेफेकीत दोन संघ असतात, म्हणजे हरण्याची मालिका सुरू होण्यास सुमारे दहा हजार जागा झाल्या. नेमकी एका जागी वीस पराभवांची मालिका सुरू व्हावयाची, तर आधीची नाणेफेक जिंकलेली आणि पुढच्या वीस हरलेल्या, म्हणजे एकवीस कौल ठरावीक पडावे लागतात. त्याची शक्यता २०,९७,१५२ मध्ये एक. जागा दहा हजार असल्यामुळे एकंदर शक्यता सुमारे दोनशेदहांत एक एवढी होते. संगणकाकडून दहा हजार नाणेफेकींचा असा सबंध इतिहास हजार वेळा लिहवून घेतला, तर पाचएक वेळा वीस पराभवांची सलग मालिका त्यात सापडेल. वीस विजयांच्या मालिकेचेही तेवढेच नवल वाटले असते, हे लक्षात घेतले तर ही संख्या दुप्पट होते. कसोटी सामने व वीस षटकांचे सामने धरले तर आणखी वाढते. तेव्हा प्रकार विरळा खरा, परंतु दहा लाखांत एक नव्हे. शिवाय यजमान कर्णधाराने नाणे उडवावे आणि पाहुण्याने कौल सांगावा, असा रिवाज असताना दोन वर्षे, पाच देशांत, वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांच्या हातून एकच लबाडी चालू राहील तरी कशी? विरळेपण मध्यम आणि लबाडीचा मार्ग दिसत नाही, अशा ठिकाणी योगायोगाला निर्दोष सोडणे हेच शहाणपणाचे.

योगायोगाला पारखे असलेले आपले मन कसे फसते, हे शिक्षकांना वर्गात सहज दाखविता येईल. अर्ध्या विद्यार्थ्यांना नाणे दोनशे वेळा खरोखर उडवून छापा-काट्याची नोंद करण्यास सांगावे आणि उरलेल्यांना तशीच यादी मनाने रचावयास लावावी. कोणती यादी कोणत्या गटातील, हे शिक्षकांनी नंतर ओळखावे. खऱ्या दोनशे नाणेफेकींत एकच बाजू सहा किंवा अधिक वेळा सलग पडण्याची शक्यता शंभरांत शहाण्णव आहे. मनाने यादी लिहिणारा विद्यार्थी मात्र चार-पाच छापे झाले की अस्वस्थ होतो आणि काटा लिहून मोकळा होतो. खरा योगायोग गुठळ्यांनी भरलेला असतो. माणसाने कल्पिलेला योगायोग दळलेल्या पिठासारखा सपाट असतो. त्यामुळे जेव्हा जेव्हा गुठळी दिसते, तेव्हा तेव्हा माणूस तिच्यामागे कोणाचा तरी हात शोधू लागतो.

हा शोध किती घातक ठरू शकतो, याचे उदाहरण हॉलंडमध्ये घडले. लुसिया द बेर्क या परिचारिकेच्या पाळीत रुग्णांचे मृत्यू व अत्यवस्थ होण्याचे प्रसंग फार आले, असा संशय निर्माण झाला. असे केवळ योगायोगाने घडण्याची शक्यता चौतीस कोटी वीस लाखांत एक आहे, असा आकडा न्यायालयापुढे ठेवला गेला. २००३ साली तिला जन्मठेप झाली. पुढे संख्याशास्त्रज्ञांनी हिशेब तपासला, तेव्हा त्यात दोष आढळले. संशय आल्यानंतर तिच्या पाळीतील प्रसंगच ‘संशयास्पद’ म्हणून निवडले गेले होते, आणि शक्यतांचे गुणाकारही चुकीच्या रीतीने केलेले होते. काहींच्या फेरमोजणीत कोटींचा तो आकडा काही डझनांत एक इतका खाली आला. खटला पुन्हा चालला आणि २०१० साली ती निर्दोष ठरली. ज्या रुग्णालयात परिचारिका अनेक आणि मृत्यूही अनेक, तेथे कोणाच्या ना कोणाच्या पाळीत गुठळी पडणारच. ती पडली म्हणून खुनी सापडला असे होत नाही.

याचा अर्थ विरळ घटनेकडे डोळेझाक करावी, असा मात्र मुळीच नव्हे. २०२४ साली वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा निकाल ४ जूनला लागला, तेव्हा ६७ विद्यार्थ्यांना ७२० पैकी ७२० गुण मिळाल्याचे दिसून आले. महाराष्ट्रातील हजारो घरांत त्या दिवशी संताप उसळला, आणि तो अस्थानी नव्हता. इतके पूर्ण गुण योगायोगाने पडत नाहीत, हे सांगावयास तक्त्याचीही गरज नाही. परंतु ‘योगायोग नव्हे’ याचा अर्थ ‘लबाडीच’ असा होतो काय? परीक्षा घेणाऱ्या संस्थेने जो खुलासा केला त्यानुसार, त्यांपैकी ४४ जणांना पदार्थविज्ञानाच्या एका प्रश्नाची दोन उत्तरे ग्राह्य धरल्यामुळे पूर्ण गुण मिळाले होते आणि सहा जणांना वेळ वाया गेल्याबद्दल दिलेल्या वाढीव गुणांमुळे. वाढीव गुण रद्द झाले, त्या प्रश्नाचे एकच उत्तर बरोबर ठरले आणि सुधारलेल्या निकालात पूर्ण गुण मिळविणारे १७ उरले. दुसरीकडे, हजारीबाग व पाटणा येथे प्रश्नपत्रिका फुटली होती, हेही खरे निघाले. पण ते उघडकीस आले ते तपासातील पुराव्याने. सर्वोच्च न्यायालयाने २३ जुलैला परीक्षा रद्द करण्यास नकार दिला, तो फूट सार्वत्रिक होती असे दिसत नाही म्हणून. या प्रकरणाचा धडा असा की, विरळ घटनेपुढे पर्याय दोन नसतात, तीन असतात: योगायोग, लबाडी आणि नियमांतील किंवा व्यवस्थेतील एखादे साधे कारण. यादृच्छिक आकडे त्यांपैकी फक्त पहिल्याचा निकाल लावू शकतात. उरलेल्या दोहोंतून निवड करावयाची तर चौकशीच करावी लागते.

विदर्भाला या आकड्यांचे महत्त्व इतरांनी सांगावयास नको. महाभारतातील नलाख्यानात ऋतुपर्ण राजा दमयंतीच्या स्वयंवरासाठी विदर्भाकडे रथातून येत असताना वाटेतील बेहड्याच्या झाडाच्या दोन फांद्यांवर पाने किती व फळे किती हे नजरेनेच सांगतो, आणि नळाला फाशांची विद्याही तोच शिकवितो. मोजणीची विद्या आणि फाशांची विद्या एकाच माणसाच्या ठायी असावी, ही आख्यानकाराची सूचना अर्थपूर्ण आहे. विसाव्या शतकात तिला शास्त्राचे रूप आले. सातारा जिल्ह्यातील बुध या गावचे डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी १९४० च्या दशकात पिकांचे उत्पन्न यादृच्छिक निवडीने मोजण्याची पद्धत देशात रूढ करण्यात मोठा वाटा उचलला. कपाशीच्या पिकासाठी पानसे यांनी केलेल्या अशा पाहणीची भूमी तेव्हाच्या मध्यप्रांत-वऱ्हाडाचीच होती. कृषिसंशोधकांसाठी या दोघांनी लिहिलेला संख्याशास्त्रीय पद्धतींचा ग्रंथ १९५४ साली निघाला आणि अनेक पिढ्यांच्या हातांतून गेला. त्यापूर्वी पिकाचा अंदाज नजरेने होई, आण्यांत सांगितला जाई, आणि पाहणाऱ्याची नजर कोणाकडे झुकते यावर तो ठरे. नव्या पद्धतीत कोणत्या शेतात आणि शेताच्या कोणत्या भागात पीक कापून तोलावयाचे, हे तक्त्यातील आकडा ठरवितो. तलाठी नव्हे, कृषी सहायक नव्हे आणि शेतकरीही नव्हे.

२०१६ च्या खरिपापासून चालू झालेल्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेने या पीक कापणी प्रयोगांना पोटापाण्याचा प्रश्न बनविले. महसूल मंडळातील सरासरी उत्पन्न उंबरठा उत्पन्नाच्या खाली गेले, तर त्या पिकाचा विमा काढलेल्या मंडळातील सर्व शेतकऱ्यांना भरपाई. वर राहिले, तर कोणालाही नाही. मोजक्या शेतांच्या कापणीवर शेकडो कुटुंबांचा हिशेब ठरतो. म्हणून निवड खरोखर यादृच्छिक झाली काय, हा प्रश्न विचारण्याचा त्यांना पुरेपूर अधिकार आहे, आणि तो विचारण्याची रीतही येथे उपलब्ध आहे. उदाहरण म्हणून समजा की, एका मंडळातील तिसरा हिस्सा शेते पक्क्या रस्त्याला लागून आहेत. कापणीपूर्वीच गावकऱ्यांनी ठरविले की, यंदा रस्त्यालगतची किती शेते निवडली जातात, ते मोजावयाचे. दहा प्रयोग झाले आणि दहाही रस्त्यालगतच निघाले. आता तक्ता उघडावा. १, २, ३ हे अंक रस्त्यालगतची शेते, ४ ते ९ आतील शेते, शून्य सोडून द्यावे. दहा-दहा अंकांचे गट पाडीत जावे. दहाही अंक तिहींच्या आत असलेला गट ५९,०४९ गटांत एकदा यावयाचा. तो शोधता शोधता रात्र सरेल, पण तो बहुधा सापडणार नाही.

येथे निष्कर्ष नाणेफेकीच्या उलट आहे, आणि त्याचे कारणही स्पष्ट आहे. प्रश्न आधी ठरला होता, जागा ठरावीक होती, मालिका कोठून मोजावयाची याची पळवाट नव्हती. अशा वेळी योगायोगाचा दावा टिकत नाही. तेवढ्यावरून कोणा कर्मचाऱ्यास लबाड ठरविता येणार नाही, हेही तितकेच खरे. पावसात आतल्या शेतापर्यंत वाट नव्हती, किंवा यादीच अपुरी होती, असे तिसरे कारण असू शकेल. परंतु चौकशीची मागणी आता आरडाओरडीवर नव्हे, तर हिशेबावर उभी राहते, आणि हिशेबावर उभ्या राहिलेल्या मागणीस उत्तर देणे कोणत्याही कार्यालयास टाळता येत नाही. रस्त्याकडेच्या सोयीच्या शेतात कापणी उरकणारा कर्मचारी ‘थोडेसेच’ इकडचे तिकडे करतो असे समजतो; वस्तुतः तो त्या तक्त्यामागील सारा न्यायच मोडीत काढीत असतो. आकड्याचा आंधळेपणा हीच त्याची निःपक्षपातीपणाची हमी आहे.

म्हणून संभाव्यतेचा धडा केवळ सूत्रांपुरता न ठेवता तक्त्यानिशी, नाण्यानिशी, आणि जेथे संगणक आहे तेथे संगणकानिशी शिकविला पाहिजे. सूत्र विसरले जाते, पण स्वतः मोजलेल्या दोनशे नाणेफेकी विसरल्या जात नाहीत. कार्यालयांत निवड वा सोडत काढणाऱ्यांनी आकडे कोठून घेतले, कोणत्या क्रमाने वाचले, हे आधी लिहून फलकावर लावण्याची रीत पाडली, तर निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतील आणि उरलेल्या निम्म्यांना खरा आधार मिळेल. विलक्षण वाटणाऱ्या कोणत्याही बातमीपुढे प्रश्न तीन आहेत: नवलाची व्याख्या आधी केली होती की नंतर, ते घडण्यास जागा किती होत्या, आणि योगायोग व लबाडी यांखेरीज तिसरे कारण संभवते काय. हे तीन प्रश्न विचारणारा नागरिक कावळ्यावर फांदी मोडल्याचा आळ घेणार नाही. आणि फांदीवर करवतीची खूण दिसली, तर ‘कावळा बसला असेल’ या उत्तरावर तो गप्पही बसणार नाही.